बियाण्याचे बिल आणि शेतकऱ्याचा दावा

मृग लागला की अहेरीच्या कृषी केंद्रांतून बियाण्यासाठी गर्दी होते. धानाचे बी, कापसाचे बी, खते, औषधे यांची बरीचशी खरेदी उधारीवर चालते, आणि उधारीच्या मालाचे पक्के बिल मागणे शेतकऱ्यास संकोचाचे वाटते. दुकानदार वहीत आकडा मांडतो. शेतकरी पिशवी घेऊन गावी जातो. पुढे पऱ्हे विरळ उगवले, किंवा एकाच बांधीतील धान मागेपुढे निसवू लागले, म्हणजे दोष कोणाचा हा प्रश्न उभा राहतो. त्या वेळी शेतकऱ्याच्या हाती दाखविण्यासारखे काहीच उरलेले नसते.

ग्राहक-संरक्षणाचा कायदा शहरात पंखे व घड्याळे विकत घेणाऱ्यांसाठी आहे, असा समज खेड्यांतून अजून आढळतो. तो चुकीचा आहे. प्राणहितेपलीकडील त्या वेळच्या आंध्र प्रदेश राज्यातील शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बीज निगमाविरुद्ध सदोष बियाण्याबद्दल भरपाई मागितली होती. बियाण्यासाठी स्वतंत्र कायदा असल्याने ग्राहक मंचास अधिकार नाही, तसेच हे शेतकरी व्यापारासाठी बी घेणारे होते, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २०१२ रोजी तो फेटाळला आणि शेतकरी हा ग्राहकच आहे असे ठरविले. त्याच निकालातील दुसरा भाग शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा होय. शेतकरी घेतलेले सर्व बी पेरतो. तपासणीसाठी त्याने नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ज्याने कधी तिफण धरली असेल त्यास यात नवल वाटणार नाही. पण कायद्याच्या पुस्तकात हे यावयास बराच काळ लागला.

२० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने आणखी सोय केली. ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातच त्यास तक्रार दाखल करता येते. अहेरीच्या शेतकऱ्याने बी नागपूरहून आणले असले, तरी त्याची तक्रार गडचिरोलीच्या जिल्हा आयोगापुढे चालू शकते. मालासाठी दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. निकाल साधारणतः तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी करावी लागल्यास पाच महिन्यांत लागावा, असेही कायदा सांगतो. प्रत्यक्षात वाट पाहण्याची तयारी ठेवलेली बरी.

बियाणे कायद्यातील शिक्षेवर शेतकऱ्याने विसंबून राहू नये. १९६६ च्या त्या कायद्यात पहिल्या अपराधास पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा लोकांच्या विचारार्थ प्रसिद्ध केला, त्यात दंड लाखांच्या घरात नेण्याचा विचार होता. दंड वाढावा हे योग्यच. परंतु दंड सरकारजमा होतो. ज्याचा हंगाम बुडाला त्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी भरपाईचा दावाच करावा लागतो, आणि दावा पुराव्यावर उभा राहतो.

पुरावा दुबळा असला की खरा दावाही पडतो. हरियाणातील एका बियाणे प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने, पिकातील फरक केवळ बियाण्यामुळेच पडतो असे मानता येत नाही, पाणी, जमीन व मशागत यांचाही परिणाम असू शकतो, असे म्हटले. म्हणून तालुका पातळीवरील तक्रार निवारण समितीचा पंचनामा फार महत्त्वाचा. 'पीक समाधानकारक नाही' एवढ्या ओळीने काहीही सिद्ध होत नाही. किती रोपे उगवली, भेसळीची किती, शेजारच्या शेतात दुसऱ्या लॉटच्या बियाण्याची स्थिती काय, पाऊस केव्हा झाला, हे त्यात लिहिले गेले पाहिजे. पीक उभे असतानाच समितीने यावयास हवे. कापणी झाल्यावर ती काय पाहणार? पंचनाम्याची प्रत शेतकऱ्यास त्याच दिवशी मिळावी, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरावा.

यापूर्वीचे काम घरचे आहे. उधारीचा माल असला तरी बिलावर वाण व लॉट नंबर लिहून घ्यावा; उधारीने ग्राहकाचा हक्क जात नाही. पिशवी फोडताना लेबल असलेली बाजू शाबूत ठेवावी आणि मूठभर बी पिशवीतच राहू द्यावे. न्यायालयाने त्याची सक्ती केलेली नाही, तरी नमुना हाती असला तर वाद लवकर मिटतो. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहावेत. प्रमाणित धानाच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान ८० टक्के असावयास हवी. सत्तरच दाणे मोडावले तर पऱ्हे टाकण्याआधीच पिशवी परत नेता येते.

एका ठिकाणी कायदा हतबल आहे. तणनाशक सहन करणारे म्हणून कापसाचे जे बी चोरून विकले जाते त्यास सरकारी मान्यता नाही, बिल नाही आणि लेबलवरील नावाचा भरवसाही नाही. ते फसले तर दाद कोणाविरुद्ध मागावी? स्वस्त वा सोयीचे म्हणून ते घेणारा आपला हक्क दुकानातच सोडून येतो.

राहिला अंतराचा प्रश्न. अहेरीहून गडचिरोली शंभर किलोमीटरहून दूर, आणि ऐन पावसाळ्यात आतील गावांचे रस्ते नाल्यांच्या पुरांनी तुटतात. तक्रार संगणकावरून पाठविता येते, १९१५ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्ला मिळतो, आणि अर्ज केल्यास सुनावणीही दूरदृश्य पद्धतीने घेण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. परंतु केवळ गोंडी, माडिया वा तेलुगू बोलणाऱ्या शेतकऱ्याने हे एकट्याने करावे ही अपेक्षा अवास्तव होय. अहेरीच्या तहसील कचेरीत यासाठी एक खोली, एक संगणक आणि त्याची भाषा जाणणारा एक माणूस खरिपाच्या दिवसांत बसविला, तर त्या तरतुदीचा उपयोग होईल.