विसरभोळ्यांना जागा द्या

यवतमाळात १९७३ साली साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, घराघरांतल्या मुलांच्या तोंडी गाणी देणारे. याच जिल्ह्यातल्या शंकर बडे यांनी वऱ्हाडीतून लोकांना पोट धरून हसवलं. तरी आमच्या शाळांत विनोदी बालकविता अजून शेवटच्या बाकावरच.

‘लक्ष दे!’ असं ओरडून कुणाचं लक्ष लागलंय? सॅम्युइल मार्शाक यांनी १९३० साली रशियन मुलांसाठी एक विसरभोळा गृहस्थ उभा केला. तो हातमोजे पायांत चढवतो, गाडीपासून सोडवलेल्या डब्यात जाऊन बसतो आणि पुन्हापुन्हा विचारतो, स्टेशन कोणतं? उत्तर दरवेळी तेच: लेनिनग्राद. (शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूर गाठलेले वाचक इथं जरा जास्तच हसतील.) ऐकणाऱ्या पोराला हसू फुटतं, कारण चूक त्यानं आधीच पकडलेली असते. म्हणजे लक्ष होतंच की! उपदेशाच्या कवितेला हे कधी जमलं नाही.

पुसद, वणी, दारव्हा, पांढरकवड्याच्या गुरुजींनो, बाईंनो, वर्गातल्या पोरांकडून विसरभोळ्यांवर कविता लिहून घ्या, आम्हाला पाठवा. वऱ्हाडीत असतील तर फारच छान. शुद्धलेखन आम्ही पाहू. खाली तात्पर्य तेवढं जोडू नका.