बहुमताने बांध कोरू नये

मागच्या एका तालुका बैठकीत तरुण कार्यकर्त्याने विचारले, "ज्यांची डोकी जास्त त्यांचे राज्य. लोकशाही म्हणजे याहून वेगळे काय?" बैठकीत वेळ नव्हता. उत्तर येथे देत आहोत, तेही शेजारच्या श्रीलंकेच्या उदाहरणाने.

तो देश 4 फेब्रुवारी 1948 रोजी स्वतंत्र झाला. सिंहली लोक बहुसंख्य, तमिळ अल्पसंख्य. हुकूमशहा कोणी नव्हता, निवडणुका होत होत्या. त्याच वर्षी संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला आणि इंग्रजांनी चहाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय तमिळ मजुरांतील सुमारे 7 लाख माणसे बिनदेशी झाली. 1949 मध्ये त्यांचे मतही गेले. 1964 मध्ये दोन सरकारांनी त्यांची वाटणी केली: 5,25,000 भारताने घ्यायचे, 3,00,000 श्रीलंकेने. राहिलेले दीड लाख 1974 मध्ये निम्मे निम्मे. बाजारात गुरे वाटावीत तशी माणसे वाटली. ज्यांच्या बोटांनी खुडलेल्या चहावर देशाला परकीय चलन मिळत होते, त्यांना कोणी विचारले नाही.

मळ्यावरच्यांचे झाले, आपल्याला काय, असे म्हणणाऱ्यांचीही पाळी आली. 1956 मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली. सरकारी कचेरीतला तमिळ कारकून एका ठरावाने अडाणी झाला. 1957 मध्ये पंतप्रधान बंदारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांनी तडजोडीचा करार केला. पुढच्याच वर्षी भिक्खूंच्या दडपणाखाली तो मोडला.

जमिनीचेही तेच. पूर्वेकडे गल ओया धरणाखाली सिंहली कुटुंबे वसवली गेली. त्यांची जमिनीची भूक खरी होती, हे आम्ही नाकारत नाही. पण शेजारच्या तमिळ आणि मुसलमान शेतकऱ्याला दिसले ते एवढेच, की पाण्याबरोबर मतदारही आणले जात आहेत. 1956 च्या दंगलीत गल ओयात रक्त सांडले.

जुन्या घटनेत कलम 29 होते: कोणत्याही एका जमातीवर निर्बंध लादणारा कायदा संसदेने करू नये. ते दुबळे होते, तरी बांध होता. 1972 च्या घटनेत तेही गाळले. पुढे 1983 चा जुलै, तमिळांची कत्तल आणि 2009 च्या मे महिन्यापर्यंत चाललेले युद्ध. आणि तमिळांच्या नावाने लढणाऱ्या वाघांनी काय केले? 1990 मध्ये उत्तरेत त्यांचे चालत होते, तेव्हा त्यांनी तेथील मुसलमानांना घरांतून हाकलून दिले. संख्येचा माज एका जमातीची मिरास नाही.

आता बहुसंख्यांचे काय झाले तेही ऐका. 2020 मध्ये राजपक्षे बंधूंच्या पक्षाला मित्रपक्षांसह संसदेत दोन तृतीयांश जागा मिळाल्या. घटना दुरुस्त करून अध्यक्षाच्या हाती आणखी सत्ता दिली गेली. 2021 मध्ये त्याच अध्यक्षाने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. सेंद्रिय शेतीला आमचा विरोध नाही. पण नत्राची पर्यायी सोय न करता भाताचे खत तोडले तर काय होते, हे कृषी शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल. शेतकऱ्यांनी ओरड केली. ऐकायला भाग पाडील असे कोणी उरलेच नव्हते. पीक घटले, नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली, 2022 च्या जुलैत अध्यक्ष देश सोडून पळाले. बुडालेल्या भातशेतकऱ्यांत बहुतेक सिंहलीच होते. दुसऱ्यासाठी मोडलेला बांध त्यांच्याही शेताला राखू शकला नाही.

तेव्हा त्या तरुण मित्राला आमचे उत्तर असे: सरकार बहुमताने निवडावे, करही बहुमताने ठरवावेत. पण शेजाऱ्याचे नागरिकत्व, मत, भाषा आणि जमीन हात वर करून काढून घेता येत नाही. शंभर एकरवाल्यालाही दोन एकरवाल्याचा बांध कोरण्याचा हक्क नसतो. हे गावात ज्याला कळते, त्याला देशातही कळायला हवे.