रद्द करण्यापूर्वी विचारा
कल्याणकारी योजनांच्या नोंदी एकमेकींशी जोडून अपात्र लाभार्थी शोधण्याकडे राज्य सरकारांचा ओढा वाढतो आहे. या जोडणीचे शास्त्र नवे नाही. कॅनडातील संख्याशास्त्रज्ञ इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ मध्येच त्याची सैद्धान्तिक मांडणी केली. दोन नोंदींच्या तुलनेतून त्यांनी तीन निष्कर्ष संभवनीय मानले: त्या एकाच व्यक्तीच्या आहेत, नाहीत किंवा निश्चित सांगता येत नाही. हा तिसरा गट माणसाने तपासण्यासाठी राखलेला होता.

आपल्याकडे नेमका हाच गट दुर्लक्षिला जातो, असे मला वाटते. येथे एका नावाच्या अनेक व्यक्ती असतात आणि एकाच व्यक्तीचे नाव निरनिराळ्या कागदांवर निरनिराळे लिहिले जाते. तेलंगणातील ‘समग्र वेदिका’ ही प्रणाली नाव, पत्ता अशा तपशिलांवरून विविध खात्यांच्या नोंदी जोडते. त्याच राज्यात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावा लागला.

बनावट लाभार्थी वगळणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. परंतु चुकीने वगळलेल्या कुटुंबाचे धान्य तर बंद होतेच, शिवाय आपली पात्रता सिद्ध करण्याचे ओझेही त्याच्यावरच पडते. म्हणून संगणकाने दाखवलेली जुळणी हा पुरावा नव्हे, तर चौकशीचे निमित्त मानावे. शिधापत्रिका रद्द करण्यापूर्वी नोटीस आणि घरभेट बंधनकारक असावी.