भाजलं तर आधी २० मिनिटं पाणी. धूर छातीत गेला असेल तर मात्र ‘काही झालं नाही’ म्हणू नका!

चिखलोलीकरांना केमिकलचा वास ओळखीचा आहे. एका बाजूला एमआयडीसीतले कारखाने, दुसऱ्या बाजूला नवे टॉवर. २३ मे २०२४ ला डोंबिवलीच्या अमुदान केमिकल्समध्ये रिॲक्टर फुटला, त्याआधी २३ सप्टेंबर २०२३ ला शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टँकरचा स्फोट झाला. अशा वेळी चर्चा होते ती परवान्यांची आणि कारखाने हलवण्याची. ती व्हायलाच हवी. पण ॲम्ब्युलन्स येईपर्यंत शेजारच्या माणसाने काय करायचं, हे कोण सांगणार?

भाजलेल्या जागेवर नळाचं साधं, वाहतं पाणी २० मिनिटं सोडा. आच विझली तरी कातडीच्या आत उष्णता उतरत राहते, ती पाणी काढून घेतं. उशीर झाला असेल तरी तीन तासांच्या आत पाण्याचा उपयोग होतो. बर्फ नको, त्याने रक्तपुरवठा कमी होऊन जखम खोल जाते. टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीच नको (हो, आजीने सांगितलं तरी). सूज यायच्या आत अंगठ्या, बांगड्या काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. मग स्वच्छ कापडाने सैल झाका आणि बाकीचं अंग पांघरुणात ठेवा. लहान मूल पाण्याने पटकन गारठतं.

केमिकल कोरडी पावडर असेल तर आधी झटका, मग भरपूर पाणी. ॲसिडवर सोडा ओतण्याचा प्रयोग करू नका, त्या रासायनिक क्रियेतूनही उष्णताच निघते.

खरा धोका दिसत नाही तो धुराचा. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात १० नवजात बाळं गेली, त्यातली बहुतेक धुराने गुदमरून. बंद खोलीतून बाहेर आलेला माणूस बोलतो, चालतो, घरी जातो. पण घशाची सूज पुढचे काही तास वाढत राहते. आवाज बसलाय, थुंकीत काजळी आहे, नाकातले केस जळलेत? मग थांबू नका.

इथे घरातला ऑक्सिमीटरही फसवतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि साधं यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजून ९८ दाखवतं. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तासभर. म्हणून हॉस्पिटल.

गंभीर रुग्णांसाठी ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे, पण चिखलोलीहून तिथे जायचं म्हणजे वाटेतलं ट्रॅफिक आलंच. श्वासाचा त्रास असेल तर आधी जवळच्या हॉस्पिटलात ऑक्सिजन लावून घ्या, ऐरोली नंतर. आणि १०८ ला फोन करताना ‘पेशंट बंद खोलीत, धुरात होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.