काडतुसाचे नाव आणि कायद्याचा हेतू

मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी कोणत्या देशात कोणते काडतूस लोकप्रिय आहे, हा विषय प्रशासनावरील लेखनात उपरा वाटण्याची शक्यता आहे. शिकारी मंडळी त्यावर हिरिरीने वाद घालतात आणि इतरांना त्यात रस नसतो. तथापि, या आवडीनिवडींच्या मुळाशी जाऊन पाहिले तर तेथे शिकाऱ्याच्या अनुभवाइतकाच सरकारी नियमांचा हात दिसतो. कोणत्या देशाने काय मोजले आणि काय मोजायचे राहून गेले, याचा तो एक बोलका दस्तऐवज आहे. भारतात करमणुकीची शिकार बंद झाली असली तरी पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्यांना परवान्याने मारले जाते. म्हणून हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही.

प्रारंभ आपल्याच इतिहासापासून करू. विसाव्या शतकाच्या आरंभी हत्ती, गवा, वाघ यांच्या शिकारीसाठी .४५० इंच व्यासाच्या दुनळी रायफली प्रतिष्ठित मानल्या जात. १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान आणि सुदान येथे या व्यासाच्या रायफली व काडतुसे आणण्यास बंदी घातली. कारण शिकारीचे नव्हते, सुरक्षेचे होते. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचा व्यासही तोच होता. त्या मोठ्या संख्येने लोकांच्या हाती गेल्या होत्या आणि शिकारीच्या नावाने आलेला दारूगोळा त्यांत वापरला जाईल, अशी सरकारला धास्ती होती.

परिणाम काय झाला? इंग्लंडमधील बंदूककारांनी नव्या व्यासांची काडतुसे बाजारात आणली. हॉलंड अँड हॉलंडने .४६५, जोसेफ लँगने .४७०, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. ताकद जवळजवळ तीच, जनावरावरचा परिणाम तोच, केवळ आकडा निराळा. पुढे बंदीचे कारण उरले नाही, पण .४५० ला पूर्वीचे स्थान परत मिळाले नाही. आफ्रिकेत दुनळी रायफल घेऊन जाणारा शिकारी आजही बहुधा .४७० च पसंत करतो. सरकारी पत्रव्यवहारातून निघालेल्या एका आदेशाने जगाची आवड शतकभरासाठी ठरवून टाकली. अर्थशास्त्रात ज्याला मागील निर्णयांचे ओझे म्हणतात, त्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

जर्मनीत असेच घडले. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाच्या बंधनांमुळे तेथील फौजेचे ८×५७ हे काडतूस नागरिकांना वापरता येईना. तेव्हा बंदूककारांनी कवच तीन मिलिमीटरने लांबवून ८×६० बनविले. फ्रान्समध्ये फौजी काडतुसांवरील निर्बंध २०१३ पर्यंत टिकले. अमेरिकेत सर्वाधिक परिचित असलेली .३०-०६ आणि .३०८ ही दोन काडतुसे फ्रेंच शिकाऱ्याला सहजासहजी मिळत नसत. तेथे ७×६४ सारख्या, कोणत्याही फौजेने न वापरलेल्या काडतुसांचे प्रस्थ वाढले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. उलट अमेरिकेत असा निर्बंध नव्हता. १९०६ साली फौजेने स्वीकारलेले .३०-०६ हेच हरणापासून मूसपर्यंत सर्व शिकारींचे सर्वसाधारण काडतूस बनले. युद्धातून परतलेल्या सैनिकाला ते ठाऊक होते आणि खेड्यातल्या दुकानातही ते मिळत असे. उपलब्धता आणि परिचय या दोन गोष्टी गुणवत्तेइतक्याच प्रभावी असतात.

आता स्वतंत्र भारत. आपल्या शस्त्रनियमांनुसार .३०३ अथवा ७.६२ मिलिमीटरचा फौजी दारूगोळा ज्यातून झाडता येईल, अशी रायफल निषिद्ध वर्गात मोडते. म्हणून परवानाधारकांच्या हाती प्रामुख्याने आली ती सरकारी आयुध निर्माणीची .३१५ बोअरची रायफल. उत्तर भारतात ती ठाऊक नसलेले खेडे विरळाच. यातली गंमत अशी की .३१५ हे काडतूसही मूळचे फौजीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेने वापरलेल्या ८ मिलिमीटर मॅनलिखरचे ते भावंड. परक्या आणि आता अस्तित्वातही नसलेल्या साम्राज्याचे असल्यामुळे ते आपल्याकडे नागरी ठरले. दुसरीकडे .३०-०६ हे काडतूस ताकदीत ७.६२ हून उणे नाही, किंचित सरसच आहे. तरीही ते निषिद्ध नाही, कारण आपली फौज ते वापरत नाही.

या नियमाची टर उडविण्याचा माझा हेतू नाही. सरकारी कोठारातून गोळ्यांची गळती होऊ नये आणि झालीच तर त्या खासगी बंदुकीत बसू नयेत, हा हेतू रास्त आहे आणि नावावर आधारलेला नियम तो हेतू साधतो. माझे म्हणणे एवढेच की हा नियम एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. दुसरा प्रश्न असा: या काडतुसाने ठरावीक जनावर ठरावीक अंतरावरून चटकन आणि यातनेविना मरेल काय? त्यावर हा नियम मौन आहे. १९६९ चे अर्थशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक विभागून मिळविणारे यान टिनबर्गेन यांनी धोरणकर्त्यांना सांगितलेले सूत्र येथे तंतोतंत लागू पडते: जितकी उद्दिष्टे, तितकी स्वतंत्र साधने हवीत. एका साधनाने दोन उद्दिष्टे साधायला गेले की एक हटकून उपाशी राहते.

दुसऱ्या प्रश्नासाठी साधन कसे घडवावे, याचे धडे इतरत्र उपलब्ध आहेत. जर्मनीचा शिकार कायदा काडतुसाचे नाव घेत नाही. लहान रो हरणासाठी १०० मीटरवर गोळीची ऊर्जा किमान १००० ज्यूल हवी. त्याहून मोठ्या खुरधारी प्राण्यांसाठी व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि त्याच अंतरावर ऊर्जा किमान २००० ज्यूल हवी. नामिबियात जनावराच्या आकारानुसार तीन पायऱ्या आहेत. स्प्रिंगबकसाठी १३५० ज्यूल, कुडू व ओरिक्ससारख्यांसाठी २७०० आणि हत्ती व रानरेड्यासाठी ५४००. स्वीडनचा नियम अधिक सूक्ष्म आहे. मूससाठी गोळी ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २७०० ज्यूल हवेत. १० ग्रॅमची जड गोळी असेल तर २००० पुरेत. जड गोळी कमी वेगातही खोल जाते, या अनुभवाला नियमाने मान दिला. त्यामुळे १८९४ पासून चालत आलेले ६.५×५५ हे काडतूस स्वीडिश शिकाऱ्याकडून हिरावले गेले नाही.

अर्थात आकडे घातले म्हणजे नियम आपोआप शहाणा होतो असे नाही. स्कॉटलंडमध्ये १९८५ च्या आदेशाने मोठ्या हरणांसाठी वेग आणि ऊर्जेबरोबर गोळीचे किमान वजनही सुमारे ६.५ ग्रॅम ठरविले. पुढे शिशाचे दुष्परिणाम लक्षात आल्यावर तांब्याच्या गोळ्या आल्या. तांबे शिशाहून हलके. जनावर तितक्याच खात्रीने पाडणारी, पण वजनात कमी भरणारी गोळी बेकायदा ठरू लागली. अखेर २०२३ मध्ये ती वजनमर्यादा खाली आणावी लागली. बोध असा की नियमाने शक्यतो फलित मोजावे; फलिताची खूण म्हणून घेतलेली गोष्ट तंत्रज्ञान बदलताच खोटी पडते.

येथे एक जाणता वाचक आक्षेप घेईल. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांपैकी बहुतेक ७×५७ सारख्या लहान काडतुसाने. त्याच जातीची रायफल, इंग्रजी नावाने .२७५ रिग्बी, १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळाली आणि त्यांनी ती वर्षानुवर्षे वापरली. म्हणजे महत्त्व नेमबाजीला. मग ज्यूलचा हिशेब कशाला?

आक्षेप निम्मा खरा आहे. गोळी कोठे लागते हे ती केवढी आहे यापेक्षा महत्त्वाचे, यात वाद नाही. पण बेलने हत्तीच्या शरीररचनेचा अभ्यास करून मेंदूचा अचूक वेध घेण्याचे कसब कमावले होते. कायदा बेलसाठी लिहिला जात नाही. तो वर्षातून दोनदा बंदूक हाती घेणाऱ्या, घाबरलेल्या, अंधारात चाचपडणाऱ्या सामान्य माणसासाठी लिहिला जातो. त्यासाठी दोन्ही बाजू धराव्या लागतात. नॉर्वेने तेच केले आहे. मोठ्या जनावराच्या शिकाऱ्याला तेथे दरवर्षी सराव करून १०० मीटरवरील निशाणावर पाच गोळ्यांची चाचणी द्यावी लागते. शिवाय जखमी जनावराचा माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा उपलब्ध असल्याची व्यवस्था करावी लागते. ऊर्जेची मर्यादा, हाताची परीक्षा आणि चूक झाल्यास ती निस्तरण्याची जबाबदारी, अशी ही तिपेडी रचना आहे.

आता आपल्याकडील स्थिती पाहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ कलम १७ मध्ये शिकारीच्या पद्धतीवर बंधने होती. मोठ्या शिकारीचे प्राणी, परवान्यात तशी खास मुभा नसल्यास, रायफलखेरीज अन्य हत्याराने मारण्यास मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले आणि त्याबरोबर हे कलमही गळाले. तर्क सरळ होता: शिकारच नाही, तर तिची शिस्त कशाला? परंतु मारणे संपले नाही. कलम ११ खाली माणसाच्या जिवाला अथवा उभ्या पिकाला धोका असलेल्या प्राण्यांना मारण्याची परवानगी देता येते. कलम ६२ खाली केंद्र सरकार काही प्राण्यांना ठरावीक क्षेत्रात, ठरावीक काळासाठी उपद्रवी घोषित करू शकते. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुक्कर यांच्याबाबत असे झाले आणि जून २०१६ मध्ये मोकामा येथे दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्यावर देशभर गदारोळ उठला. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवला.

सारी चर्चा ‘मारावे की मारू नये’ या प्रश्नाभोवती फिरली. मारायचेच ठरले तर कशाने, किती अंतरावरून आणि कोणी, हा प्रश्न मागे राहिला. पूर्ण वाढलेला नीलगाईचा नर दोनशे किलोंहून अधिक भरतो. त्याच्यावर बारा बोअरच्या बंदुकीतून लांबून छर्रे झाडले तर तो पडत नाही. पोटात शिसे घेऊन दुसऱ्याच्या शेतात जातो आणि काही दिवसांनी मरतो. जखमी रानडुक्कर तर दुसऱ्या दिवशी सरपण गोळा करायला गेलेल्या बाईवर उलटते. नोंदवहीत मात्र ‘एक गोळी झाडली, प्राणी पळाला’ एवढेच उरते. शेतकऱ्याचे नुकसान टळत नाही, प्राण्याचे हाल होतात आणि प्रशासन आदेश निघाल्याच्या समाधानात राहते.

यावर उपाय खर्चिक नाही. कायदा बदलण्याचीही गरज नाही. परवानगीच्या आदेशातील अटींतून बरेच साधता येईल.

एक, प्राण्याच्या आकारानुसार गोळीची किमान ऊर्जा ठरवावी, काडतुसाचे नाव न घेता. .३१५, .३०-०६ किंवा आणखी काही, जे मोजमापात बसेल ते चालावे. शस्त्रनियमांतील निषिद्ध वर्ग आहे तसाच राहू द्यावा. त्याचे काम वेगळे आहे.

दोन, खेड्यात बारा बोअरच्या बंदुकाच अधिक, हे वास्तव मान्य करून त्यांना एकगोळी काडतुसापुरती आणि अगदी जवळच्या अंतरापुरती मुभा द्यावी. छऱ्यांना मोठ्या जनावरासाठी मज्जाव असावा.

तीन, परवानगी घेणाऱ्याची वर्षातून एकदा निशाणावर परीक्षा व्हावी. पोलिसांची चांदमारीची मैदाने जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. एका दिवसाचे काम आहे.

चार, जखमी प्राण्याचा माग काढणे ही परवानाधारकाची आणि स्थानिक वनकर्मचाऱ्याची संयुक्त जबाबदारी ठरवावी, आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीचे फलित नोंदवावे.

यावर असे म्हटले जाईल की अटी वाढल्या की पात्र माणसे कमी होतील आणि पीक हातचे जाणारा शेतकरी वाऱ्यावर राहील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच परीक्षा उत्तीर्ण झालेल्या नेमबाजांची तालुकावार यादी ठेवून त्यांना मानधनावर बोलावण्याची सोय हवी, म्हणजे अटींचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडणार नाही. मात्र अटीच नकोत, असा निष्कर्ष यातून निघत नाही. अपुऱ्या हत्याराला दिलेल्या परवानगीने शेतकऱ्यालाही काही मिळत नाही.

राज्य जेव्हा एखाद्या जिवाला मारण्याची लेखी परवानगी देते, तेव्हा ते मरण कसे येईल याचीही जबाबदारी त्या कागदावर सही करणाऱ्यावर येते. ती जबाबदारी निभावायची तर आपल्या आदेशांत आज नसलेला एक आकडा, म्हणजे काही ज्यूल आणि काही मीटर, लिहावा लागेल.