श्रद्धेला सोबतही हवी

रविवारची मिस्सा संपल्यावर वसईतल्या चर्चच्या आवारात माणसे लगेच पांगत नाहीत. कोणाची साखर वाढली, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची मुलगी कॅनडाहून कधी येणार, अशी चौकशी चालते. आरोग्याच्या दृष्टीनेही या दहा मिनिटांना मोल आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा जणांमागे एकाला एकाकीपणा सतावतो. त्याच्याशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि नैराश्य यांचा धोका एकाकीपणामुळे वाढतो.

अशा वेळी श्रद्धेचा आधार किती? अमेरिकेतील सुमारे ७४ हजार परिचारिकांचा १६ वर्षांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक ख्रिस्ती होत्या. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्के कमी आढळले. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. मात्र फायद्याच्या संभाव्य कारणांत सर्वांत मोठा वाटा माणसांच्या आधाराचा दिसला.

ख्रिस्ती श्रद्धेत एकाकीपणा लपवावा लागत नाही. क्रुसावरच्या येशूनेही देवाने आपल्याला का सोडले, असा आक्रोश केला होता. त्यामुळे जोडीदार गेलेल्या वृद्धेला आपले रितेपण प्रार्थनेत उघडपणे मांडता येते. दुःखाला शब्द मिळाले की मनावरचा भार थोडा हलका होतो.

पण गुडघे थकले, ऐकू येईनासे झाले किंवा अर्धांगवायू झाला की चर्चची वाट बंद होते. सोबतीची सर्वाधिक गरज असते तेव्हाच ती तुटते. टीव्हीवरची मिस्सा प्रार्थना देते. गोळ्या घेतल्या का, हे विचारत नाही. आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेऊन देण्याची प्रथा चर्चमध्ये आहेच. तो नेणाऱ्याने आणखी पंधरा मिनिटे बसावे, झोप आणि जेवण यांची विचारपूस करावी. डॉक्टरांनीही रक्तदाब मोजताना विचारावे, ‘आजी, पूर्वी चर्चला जायचात, आता जाणे का थांबले?’ त्या उत्तरात कधी मोतीबिंदू सापडेल, कधी नैराश्य.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर उपचार हवेतच. जिवाला अपाय करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत मदत मिळते. अशा रुग्णाला ‘तुमची प्रार्थना कमी पडते’ असे सांगणे म्हणजे त्याला आणखी एकटे पाडणे होय. जपमाळ आणि औषध एकाच उशाशी सुखाने राहू शकतात. शेजारी एक खुर्ची तेवढी हवी, आणि त्या खुर्चीवर अधूनमधून कोणीतरी बसायला हवे.