उजेड कुठून यावा?

दापोलीजवळच्या आमच्या घरात माजघराच्या दारावर माईआत्याचा फोटो आहे. दरवर्षी गणपतीत त्याच्यावरची धूळ पुसली जाते आणि नवा हार चढतो. काही वर्षांपूर्वी भावाच्या नातवाने त्या फोटोकडे बोट दाखवून विचारले, ‘‘ही कोण?’’ मी म्हटले, ‘‘ही माईआजी. तुझ्या आजोबांची आत्या.’’ त्याने फोटो नीट न्याहाळला आणि म्हणाला, ‘‘पण आजोबा तर सांगतात ती काळीसावळी होती. ही पांढरी आहे.’’

पोराच्या शंकेचे उत्तर मला ठाऊक होते. तो फोटो मीच काढला होता.

१९९४ चा मे महिना. चुलत बहिणीचे लग्न. मी नवी फ्लॅशगन कॅमेऱ्याच्या माथ्यावर चढवून घरभर मिरवत होतो. माईआत्या माजघराच्या कोपऱ्यात आंब्याची डाळ कालवत बसली होती. ‘‘आत्या, इकडे बघ,’’ म्हटले, तिने मान वर केली आणि लख्ख झाले. पाच वर्षांनी ती गेली तेव्हा लक्षात आले, की तिचा एकटीचा असा हा एकच फोटो घरात आहे. स्टुडिओत नेऊन तो मोठा करून घेतला. डोळ्यांतले लाल ठिपके स्टुडिओवाल्याने काळ्या रंगाने बुजवले. बाकीचे बुजवण्यासारखे नव्हतेच. कपाळावर पिठाचा हात पुसावा तसा पांढरा डाग, नाक सपाट, हनुवटीवरचे हिरवे गोंदण नाहीसे, आणि पाठीमागे भिंतीवर काळीकुट्ट सावली. जणू आत्याच्या मागे आणखी कोणी दबा धरून बसले आहे.

हा अपराध माझ्या एकट्याचा असता तर जाहीर कबुली देण्याचे कारण नव्हते. पण वाचकहो, आपापल्या घरच्या भिंती एकदा पाहा. गेलेल्या माणसांचे फोटो बहुतेक असेच असतात. कुठल्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून कापून काढलेले. खांद्यावर शेजारच्याची चार बोटे तशीच राहिलेली. जन्मभर बंडीत वावरलेल्या आजोबांना मरणोत्तर कोट-टाय चढवलेला. पूर्वी हे काम कुंचल्याने होई, आता संगणकावर होते, एवढाच फरक. साठ-सत्तर वर्षे ज्या माणसाचा चेहरा आपण रोज पाहिला, त्याचा एक नीट फोटो त्याच्याच घरात बसून काढायला आपल्याला अर्धा तास मिळत नाही.

माझ्या मते या बिघाडाचे निम्मे मूळ अगदी साध्या गोष्टीत आहे. फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटलेला असतो.

घरात माणूस आपल्याला दिसतो तो कुठल्या उजेडात? दारातून येणाऱ्या, खिडकीतून येणाऱ्या, चुलीच्या, समईच्या. तो एका बाजूने येतो. चेहऱ्याचा एक गाल उजळतो, दुसरा थोडा अंधारात राहतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये कुठे तरी नाक, डोळ्यांच्या खोबणी, सुरकुत्या, गोंदण यांना आकार येतो. पाहणाऱ्याच्या कपाळातून उजेड निघतो आहे, असा प्रसंग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो तरच येतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश नेमके हेच करतो. भिंगाच्या दिशेनेच उजेड गेला की चेहऱ्यावरच्या सगळ्या सावल्या पुसल्या जातात आणि चेहऱ्याची पाटी होते. अंधारात बुबुळे विस्फारलेली असतात. फ्लॅश भिंगाला खेटून असला तर त्याचा उजेड डोळ्यांच्या मागच्या रक्ताळ पडद्यावरून थेट भिंगात परत येतो. ते लाल डोळे. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. म्हणून पंगतीच्या फोटोत पुढचे पांढरेफटक आणि मागचे भुतासारखे काळे.

हे सगळे ठाऊक असूनही समोरून मारलेला फ्लॅश आपल्याकडे इतकी वर्षे लोकप्रिय का राहिला? त्याचे कारण बोलायला जरा अवघड आहे. तो माणसाला गोरा करतो. सुरकुत्या घालवतो. अल्बम आला की ‘‘अय्या, किती उजळ आलीस!’’ हे कौतुक ठरलेले. मोबाइलमध्ये चेहरा आपोआप उजळ करण्याची सोय असते, तीही याच हौसेवर पोसलेली. माईआत्याचा फोटो स्टुडिओतून आला तेव्हा घरात दोघा-तिघांनी ‘‘छान आलाय’’ म्हटले होते. मीही म्हटले असेन. ती जन्मभर ज्या रंगाने वावरली तो रंग आम्ही मेल्यावर तिच्याकडून काढून घेतला, हे सांगायला एक सहा वर्षांचे पोर यावे लागले.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. छायाचित्रणाची थोडी गोडी लागली की माणूस प्रथम फ्लॅशचा तिरस्कार करायला शिकतो. ‘मी फक्त नैसर्गिक प्रकाशात काम करतो’ हे वाक्य सोवळ्याने उच्चारले जाते. या मंडळींच्या पाठीशी थोर माणसे आहेत. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांना फ्लॅश हा शुद्ध असभ्यपणा वाटे. इतिहासही फ्लॅशच्या बाजूने फारसा नाही. १८८७ च्या सुमारास जेकब रीस या वार्ताहराने न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या अंधाऱ्या खोल्यांचे फोटो मॅग्नेशियमची भुकटी पेटवून काढले. त्या खोल्या जगापुढे आल्या हे त्याचे पुण्य मोठेच. पण ते काम छापा घातल्यासारखे होते. झोपेतली माणसे दचकून उठत, आणि या उद्योगात रीसच्या हातून आगीही लागल्या.

तरी मला त्या काळातली आठवते ती दुसरी गोष्ट. १९४६ साली ‘लाइफ’ मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो घ्यायला गेल्या. आधी चरखा शिका, अशी गांधीजींच्या सचिवांची, प्यारेलालांची, अट. त्यातून तो मौनाचा दिवस. खोलीत उजेड कमी, आणि झगझगाट गांधीजींना सहन होत नसे. म्हणून तीनच फ्लॅशबल्ब वापरायची परवानगी मिळाली. त्या काळचा बल्ब एकदा पेटला की संपला. पहिले दोन प्रयत्न वाया गेले, तिसरा साधला. ही हकिगत बर्क-व्हाइट यांनीच पुढे लिहून ठेवली आहे. मला वाटते, आपल्यालाही कोणी तीनच बल्ब दिले तर आपण आधी समोरच्या माणसाकडे बघू.

सोवळ्या मंडळींशी माझे भांडण असे, की नैसर्गिक प्रकाश हा ज्याच्या घरात असतो त्याच्यासाठी असतो. कोकणातल्या घरात या आणि काढून दाखवा. बाहेर खळ्यात डोळे दिपवणारे ऊन, आत ओटीवर सावली, माजघरात भरदुपारी दिवा. ओटीवर बसलेल्या माणसाचा चेहरा नीट येईल असा कॅमेरा लावला, तर मागचे खळे पांढरे होऊन उडून जाते. खळे नीट आणायचे म्हटले, तर माणसाचा कोळसा. ‘उन्हात येऊन बसा’ म्हणावे तर माणूस डोळे बारीक करतो, आणि मुख्य म्हणजे तो आपल्या जागेवरून उठतो. इथे हातातला फ्लॅश कामाला येतो. तो कॅमेऱ्यावरून उतरवायचा आणि जिथून दाराचा उजेड आला असता तिथे नेऊन ठेवायचा.

२०१८ च्या डिसेंबरात मी तात्याकाकांचा फोटो अशा तऱ्हेने काढला. माईआत्याचे ते धाकटे भाऊ, तेव्हा ८७ वर्षांचे. सरंजाम फार नव्हता. तळहाताएवढी फ्लॅशगन, तिला दूरून पेटवणारा रेडिओ ट्रिगर, एक स्टँड आणि पांढऱ्या कापडाची छत्री. छत्री हा शब्द ऐकून काकांना हसू आले. ‘‘पाऊस कुठंय?’’ छत्रीचे काम एवढेच, की फ्लॅशच्या टिचभर काचेतला उजेड तिच्यावर पसरतो आणि खिडकीएवढा होऊन माणसापर्यंत पोचतो. ती जितकी जवळ तितका उजेड मऊ. नवशिक्याला हे उलटे वाटते, जवळ आणले की झोंबेल असे वाटते. पण उजेडाचा मऊपणा त्याच्या आकारावर असतो, आणि जवळची वस्तू मोठीच दिसते.

सूर्य सड्याआड गेल्यावर आम्ही सुरुवात केली. छत्री काकांच्या डाव्या हाताला, हात-दीड हात अंतरावर, डोक्याच्या किंचित वर. वारा होता म्हणून पुतण्या मन्या स्टँड धरून उभा. पहिला फोटो भयंकर आला. काका नाटकात प्रवेश घेतल्यासारखे. मग फ्लॅशचा जोर निम्म्यावर आणला, पुन्हा निम्म्यावर, असे करत सोळाव्या हिश्श्यावर आलो, तेव्हा कुठे फ्लॅश लावला आहे हे कळेनासे झाले. चांगल्या फ्लॅशची माझी परीक्षा एवढीच.

यातली एक खुबी सांगायलाच हवी. फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून आधीच संपते. शटर त्यानंतर किती वेळ उघडे राहते, याचे तिला सोयरसुतक नसते. म्हणजे मागच्या खळ्याचा उजेड शटरने कमीजास्त करावा आणि चेहऱ्याचा फ्लॅशच्या जोराने. दोन वेगळे नळ आहेत. फक्त शटर फार जलद ठेवता येत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या दोनशेव्या-अडीचशेव्या भागाच्या पलीकडे गेले की फोटोत काळा पट्टा येतो. आम्ही एकशेपंचविसाव्या भागावर होतो.

दुसरी अडचण धोतराची. काका सावळे, धोतर-सदरा पांढराशुभ्र. कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडले तर तो धोतराला भुलतो आणि चेहरा काळवंडतो. छत्री थोडी वर करून तिचे तोंड काकांच्या पुढच्या मोकळ्या जागेकडे वळवले. उजेडाची नुसती कड चेहऱ्यावर आली, धोतर शांत झाले. फ्लॅशच्या तोंडावर फिकट नारिंगी जिलेटीनचा तुकडा होता, नाटकाच्या प्रकाशयोजनेत लावतात तोच. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो. संध्याकाळी तो परका वाटतो. जिलेटीन लावल्यावर घरातूनच दिव्याचा उजेड येतो आहे असे झाले. मध्येच वाऱ्याने छत्री उलटी झाली, मन्याने गन अधांतरी झेलली, काकांनी चहा मागवला. हे सर्व चालू असताना काका एकदा शांतपणे म्हणाले, ‘‘मला गोराबिरा करू नकोस हो. माईचं केलंस तेवढं पुरे.’’

ज्यांना हा संसार परवडणार नाही किंवा नकोच आहे, त्यांनी काय करावे? मोबाइलचा फ्लॅश तर काढता येत नाही. पण तो बंद ठेवता येतो, आणि घरात दुसरा मोबाइल असतोच. त्याची बॅटरी सुरू करून नातवाच्या हाती द्यावी, पुढे पांढरा पंचा धरावा आणि आजीच्या बाजूला उभे करावे. उजेड तुटपुंजा असतो, म्हणून तिन्हीसांजेनंतर आणि जवळून. फ्लॅशगन असेल पण छत्री नसेल, तर तिचे तोंड बाजूच्या भिंतीकडे फिरवावे. भिंतच छत्री होते. मात्र ती पांढरी हवी. पोपटी भिंतीवरून आलेला उजेड आजीला पोपटी करतो, आणि आमच्या जांभ्याच्या भिंती माणसाला तापकरी बनवतात.

आणि विचारावे. आपल्याच घरची माणसे म्हणून आपण हे विसरतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना अचानक चमक सोसत नाही. मी आधी एकदा भिंतीवर फ्लॅश मारून दाखवतो, चालेल का विचारतो. काही जण नको म्हणतात. मग कॅमेरा पिशवीत जातो.

तात्याकाकांनी एकच गोष्ट मागितली होती. ‘‘मागचा कलमी आंबा येऊ दे. मी लावलेला आहे.’’ म्हणून शटर थोडे सैल सोडले आणि खळ्यापलीकडचा आंबा काकांच्या खांद्यामागे पानापानांनिशी आला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या भागावरून गेले. अर्धी कौले उडाली आणि आंबा मुळासकट आडवा झाला. त्यानंतर काका दीड वर्ष होते. फोटो त्यांच्या उशाशी असे. कोणी भेटायला आले की तो हातात देत आणि खांद्यामागे बोट ठेवून सांगत, ‘‘हा बघा. इथं होता.’’